प्रतिकूल काळाचा उत्सव

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की कलकत्ता शहर आपले मोर्चे, धरणी आणि चहाच्या टपरीवरचे अखंड वादविवाद काही दिवसांपुरते बाजूस सारते, आणि ज्या सणाला बंगाली माणूस ‘बडोदिन’ म्हणतो त्या नाताळाच्या स्वागतास इतक्या उत्साहाने सिद्ध होते की, येथे ख्रिस्ती वस्ती फार थोडी आहे हे परगावच्या पाहुण्याला सांगूनही खरे वाटू नये. पार्क स्ट्रीटवर विजेच्या माळा लागतात. ॲलन पार्कात राज्य सरकारच्या पुढाकाराने २०११ पासून गाण्याबजावण्याचा महोत्सव भरतो. बो बॅरॅक्सच्या लाल विटांच्या जुन्या इमारतींतून अँग्लो-इंडियन कुटुंबांनी घरी केलेल्या वाइनचा दरवळ येऊ लागतो. आणि न्यू मार्केटमध्ये, नाहूम नावाच्या बगदादी यहुदी कुटुंबाच्या १९०२ पासून चालत आलेल्या बेकरीपुढे सकाळपासून रांग लागते. त्या रांगेत उभे राहिले म्हणजे या शहराचे एक विलक्षण रूप दृष्टीस पडते: दुकान यहुद्याचे, भट्टीवरचे कारागीर बहुतांशी मुसलमान, सण ख्रिस्त्यांचा, आणि मनुक्यांच्या केकचा पुडा हाती पडताच तो छातीशी धरून गर्दीतून वाट काढणाऱ्या गिऱ्हाइकाच्या देवघरात बहुधा कालीमातेची तसबीर.

हा थाट मला मनापासून आवडतो आणि त्याला नाके मुरडणाऱ्यांच्या पंक्तीस बसण्याची माझी इच्छा नाही. तथापि सकाळी वर्तमानपत्राचे पहिले पान वाचून उठलेल्या विचारी माणसाच्या मनात, संध्याकाळी ती रोषणाई पाहताना, एक अवघड प्रश्न उभा राहिल्याशिवाय राहत नाही. युक्रेनपासून गाझापर्यंत मनुष्यवस्त्यांवर अग्निवर्षाव झालेला आपण पाहिला. २०२३ साली तर खुद्द बेथलेहेम या ख्रिस्ताच्या जन्मगावानेच नाताळची आरास रद्द केली आणि तेथील एका लुथरन चर्चमध्ये बाळ येशूची मूर्ती पडझडीच्या ढिगाऱ्यात ठेवण्यात आली. आपल्या देशातही या सणाला गालबोट लागलेले आहे. ओडिशातील कंधमाळ जिल्ह्यात २००७ साली ऐन नाताळात चर्च आणि घरे पेटली, ही गोष्ट कलकत्त्याहून काही फार दूरची नव्हे. अशा दिवसांत उत्सव साजरा करणे म्हणजे डोळ्यांवर कातडे ओढून घेणे नव्हे काय? काही जण या प्रश्नाला बगल देऊन केक कापतात. काही जण प्रश्नाने इतके व्याकुळ होतात की त्यांना आनंद हाच अपराध वाटू लागतो. माझ्या मते दोन्ही पक्षांचा गैरसमज एकच आहे. नाताळ हा सुखाच्या दिवसांत साजरा करावयाचा आणि दुःखाच्या दिवसांत आवरता घ्यावयाचा सण आहे, असे दोघेही गृहीत धरतात. आणि या सणाचा जो मूळ ख्रिस्ती अर्थ आहे तो नेमका याच्या उलट आहे.

तो अर्थ पाहण्यासाठी मूळ कथेवर चढलेला कापसाच्या बर्फाचा आणि चमकीचा थर थोडा दूर केला पाहिजे. लूक आणि मत्तय या दोन शुभवर्तमानकारांनी सांगितलेली जन्मकथा सुरू होते ती एका सरकारी हुकमाने. ऑगस्टस कैसराचे फर्मान सुटते की साऱ्या साम्राज्याची खानेसुमारी व्हावी आणि प्रत्येकाने आपापल्या मूळ गावी जाऊन नाव रुजू करावे. परकीय सत्तेने केलेली शिरगणती ही रयतेच्या कल्याणासाठी क्वचितच असते; तिच्या मागोमाग वसुली येते, हे त्या काळच्या यहुद्यांना ठाऊक होते. त्या हुकमापायी योसेफ नावाचा एक सुतार दिवस भरलेल्या मरीयेला घेऊन नासरेथहून बेथलेहेमापर्यंतचा लांबचा प्रवास करतो. उतारशाळेत जागा मिळत नाही. आणि जन्मलेल्या बाळाला गव्हाणीत निजवावे लागते. मत्तयाची कथा तर याहून भीषण आहे. नव्या राजाच्या जन्माची वार्ता कानी येताच हेरोद राजा बेथलेहेमच्या पंचक्रोशीतील दोन वर्षांच्या आतील मुलांची कत्तल करवितो, आणि हे कुटुंब रातोरात सरहद्द ओलांडून मिसर देशात परागंदा होते. आजच्या भाषेत ज्यांना निर्वासित म्हणतात, त्यांच्या यादीत ख्रिस्ताचे नाव तो चालू लागण्यापूर्वीच चढले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

या कथेत काय घडले नाही, हेही तितकेच लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. त्या जन्मामुळे कैसराचे फर्मान मागे घेतले गेले नाही, सारा तहकूब झाला नाही, हेरोदाचे शिपाई वाटेतून परत फिरले नाहीत. आईबापांच्या हंबरड्याला त्या रात्री उत्तर मिळाले नाही. ख्रिस्ती श्रद्धेचे म्हणणे एवढेच, आणि ते फार मोठे आहे, की सृष्टीच्या दुःखाचा निकाल ईश्वराने वरून हुकूम सोडून लावला नाही. तो स्वतः त्या दुःखाच्या हद्दीत रहिवासी झाला, आणि तोही सत्तेच्या वाड्यात न उतरता, ज्याच्यासाठी दार उघडत नाही अशा माणसाच्या बाजूला. हे म्हणणे ज्याला मान्य असेल त्याची आशा परिस्थितीच्या चढउतारावर अवलंबून राहत नाही. पुढच्या वर्षी भाव उतरतील, युद्ध थांबेल, सरकार बदलेल, ही झाली अटकळ. ती खरी ठरली तर आनंद आणि खोटी ठरली तर हताशा. नाताळाची आशा अशा अटकळींच्या वहीत मांडता येत नाही, कारण ती सुरूच होते मुळी अटकळी फसल्याच्या ठिकाणी. तिची ओळख एकाच खुणेने पटते: परिस्थिती सुधारण्यापूर्वीच ती कामाला लागते.

हे सारे पुस्तकी वाटू नये म्हणून कलकत्त्याच्या परिसरातलीच उदाहरणे घेतो. हुगळीच्या पश्चिम तीरावरील सेरामपूर हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी डेन्मार्कच्या अमलाखाली होते. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना थारा देण्यास नाखूश असल्यामुळे १८०० साली विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी तेथे आपले ठाणे दिले. व्यवसायाने चांभार असलेला हा केरी १७९३ साली बंगालमध्ये उतरला होता. पुढल्याच वर्षी त्याचा लहान मुलगा आमांशाने दगावला, पत्नीच्या बुद्धीवर कायमचा परिणाम झाला, आणि सात वर्षांत एकाही बंगाली माणसाने त्याच्या हातून बाप्तिस्मा घेतला नाही. पहिला बाप्तिस्मा झाला तो १८०० च्या नाताळानंतर तीन दिवसांनी, कृष्ण पाल नावाच्या एका सुताराचा. मराठी माणसाने केरीचे स्मरण ठेवण्यास आणखी एक कारण आहे. फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि संस्कृतबरोबर तो मराठीही शिकवू लागला. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मोडी टाइपातील मराठी कोश छापला. आणि मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत उतरून नागरी अक्षरांत मुद्रित झाले तेही सेरामपुरास, १८०५ मध्येच. गोव्यात फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीच छापले गेले होते, परंतु ते रोमन लिपीत. नागरी मुद्रणाच्या उषःकाली मराठी वाचकापुढे आलेली ख्रिस्तजन्माची कथा ही अशा रीतीने मेंढपाळांच्या आणि गव्हाणीच्या लूकने सांगितलेली नव्हती. हेरोदाच्या कत्तलीची आणि मिसरच्या पलायनाची होती.

त्या छापखान्याला ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी आग लागली. केरी त्या वेळी कलकत्त्यात होता. कागदाचे गठ्ठे, अनेक भारतीय भाषांचे टाइप, भाषांतरांची हस्तलिखिते, आणि ज्यावर त्याने वर्षानुवर्षे डोळे झिजवले होते त्या बहुभाषिक कोशाचे बाड, हे सर्व एका रात्रीत भस्मसात झाले. राखेतून हाती लागले ते पाच मुद्रणयंत्रे, टाइप ओतण्याचे मूळ पोलादी ठसे आणि वितळून गोळा झालेले शिसे. दुसऱ्या दिवशी या माणसांनी काय केले? शिसे गोळा केले, ठसे पुसले, जवळच्याच एका इमारतीत भट्टी मांडली आणि टाइप पुन्हा ओतावयास आरंभ केला. इंग्लंडातून मदतीचे दहा हजार पौंड जमले खरे, परंतु ते त्या गलबतांच्या युगात कित्येक महिन्यांनी. काम त्यापूर्वीच सुरू झालेले होते. एकदा चाललेली वाट दुसऱ्यांदा अधिक सुकर होते, अशा आशयाचे केरीने मायदेशी कळविले. स्वतःच्या आयुष्यातील दहा-बारा वर्षे जळून गेलेल्या मनुष्याचे हे उद्गार आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे आशा कशाला म्हणावे याविषयी प्रवचनाची गरज उरत नाही.

त्या आगीनंतर सहा-सात दशकांनी कलकत्त्यात एक मराठी तरुणी आली. रमाबाई डोंगरे यांचे आईवडील १८७४ साली, दुष्काळाच्या दिवसांत, थोड्या महिन्यांच्या अंतराने गेले होते. पाठोपाठ बहीणही गेली. भाऊ श्रीनिवास आणि त्या स्वतः पुराणे सांगत, पायी हिंडत, १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या, आणि येथील विद्वानांनी त्यांच्या संस्कृत पांडित्याने थक्क होऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. याच मुक्कामात त्यांनी आयुष्यात प्रथमच एक ख्रिस्ती मेळावा पाहिला. जमलेली मंडळी खुर्च्यांसमोर गुडघे टेकून, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत आहेत असे पाहून बहीणभावांची समजूत झाली की हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात; आणि बाटग्या ब्राह्मणांना चहा-बिस्किटे खाताना पाहून तर कलियुग पुरते अवतरल्याची त्यांची खात्री पटली. हे सारे पुढे रमाबाईंनीच मोठ्या खेळकरपणे लिहून ठेवले आहे. तेथे त्यांना बायबलाची एक संस्कृत प्रत मिळाली, परंतु ती वाचून त्यांना विशेष काही उमगले नाही.

जे ग्रंथाने उमगले नाही ते आयुष्याने उमगविले. भाऊ गेला, १८८० साली बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी झालेला विवाह दोन वर्षेही टिकला नाही, कारण पटकीने पती गेले, तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या महाराष्ट्रात परतल्या आणि १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या स्वीकाराविषयी महाराष्ट्रात जे वादंग माजले ते सर्वश्रुत आहे. मला येथे सांगावयाचे आहे ते १८९६-९७ च्या दुष्काळाविषयी. मध्य प्रांतात माणसे अन्नाविना मरू लागल्याची बातमी आली तेव्हा कोवळ्या वयात ज्या भुकेने घर धुऊन नेले तिचा प्रदेश पुन्हा पाहण्याचे त्यांच्यावर कोणतेही बंधन नव्हते. त्या गेल्या, आणि तेथून शेकडो निराधार मुली व विधवा घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून वाढले. दुष्काळ त्यांनी थांबविला नाही, त्यांच्या हाती ते नव्हते. दारात जागा नाही असे जिला प्रत्येकाने सांगितले तिला जागा देणे एवढे मात्र हाती होते, आणि तेवढ्यावर त्यांनी उरलेले आयुष्य खर्ची घातले. १९२२ साली मृत्यू येण्यापूर्वी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर पुरे केले. दुष्काळातून वाचलेल्या स्त्रियांच्याच हातांनी मुक्तिसदनाच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळविले गेले.

नाताळाचा हा अर्थ केवळ ख्रिस्त्यांनीच ओळखला असे मात्र नाही. ऑगस्ट १८८६ मध्ये रामकृष्ण परमहंसांनी देह ठेवल्यावर त्यांचे तरुण शिष्य पोरके झाले होते. मठ म्हणावे असे काही नव्हते, पैसा नव्हता, घरच्यांचा विरोध होता. त्या डिसेंबरात हुगळी जिल्ह्यातील आँटपूर गावी, त्यांच्यातल्याच बाबूरामच्या घरच्या अंगणात धुनी पेटवून बसले असता नरेंद्राने, म्हणजे पुढच्या विवेकानंदांनी, त्यांना येशूची कथा सांगितली आणि सर्वांनी संन्यासाचा निश्चय केला; ती रात्र नाताळाच्या पूर्वसंध्येची होती हे त्यांच्या मागाहून ध्यानी आले. आजही बेलूर मठात त्या संध्याकाळी मरीया आणि बाळ येशू यांच्या चित्रापुढे फळांचा आणि केकचा नैवेद्य दाखवितात. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांनी १९१० पासून ख्रिस्तोत्सवाची उपासना सुरू केली. १९३० साली जर्मनीत ओबरआमरगाउ येथे ख्रिस्ताच्या यातनांचे नाट्य पाहून त्यांनी जी दीर्घ कविता मूळ इंग्रजीत लिहिली आणि पुढे ‘शिशुतीर्थ’ या नावाने बंगालीत आणली, तिच्यात अंधारात चालणारा जनसमुदाय आपल्याच मार्गदर्शकाचा वध करतो आणि त्या पापाचे ओझे घेऊनच अखेर एका झोपडीच्या दाराशी, नवजात बालकापाशी येतो. १९३९ च्या नाताळात, दुसरे महायुद्ध पेटल्यावर, त्यांनी रचलेले गीत तर स्पष्टच सांगते की ज्यांनी एके काळी ख्रिस्ताला मारले तेच आता नव्या रूपाने त्याच्या मंदिरात प्रार्थना करीत आहेत. रवींद्रनाथांचा नाताळ हा असा आत्मपरीक्षणाचा होता. त्यात गोडवा होता, पण गुळचटपणा नव्हता. त्या गीतानंतर तीनच वर्षांनी, डिसेंबर १९४२ मध्ये, जपानी बाँब कलकत्त्यावर पडले, आणि पुढील वर्षी लक्षावधी बंगाली माणसे अन्नान्न करीत मेली.

मग मदर तेरेसांकडे यावेच लागते. ऑगस्ट १९४६ मध्ये कलकत्त्यात झालेल्या कत्तलीत एंटाली येथील शाळेतील उपाशी मुलींसाठी अन्न शोधायला त्या रस्त्यावर उतरल्या आणि जे पाहू नये ते त्यांनी पाहिले. महिन्याच्या आत, दार्जिलिंगच्या गाडीत, गरिबांत जाऊन राहण्याचा त्यांचा निर्णय झाला. २१ डिसेंबर १९४८ रोजी, नाताळाला चार दिवस उरले असता, त्या प्रथम झोपडपट्टीत गेल्या. मोतीझीलच्या वस्तीत फळा नव्हता, खडू नव्हता, म्हणून जमिनीवर काठीने अक्षरे काढून त्यांनी मुलांना शिकविले. १९५२ साली मरणोन्मुखांसाठी जागा हवी होती, ती मिळाली कालीघाटच्या मंदिरालगत यात्रेकरूंसाठी असलेल्या धर्मशाळेत. बेथलेहेमच्या उतारशाळेने नाकारलेली जागा कालीमातेच्या धर्मशाळेने दिली, यापेक्षा समर्पक नाताळकथा मला तरी ठाऊक नाही. तेथील शुश्रूषेविषयी, वेदनाशमनाच्या अपुऱ्या सोयीविषयी पुढे आक्षेप घेतले गेले आणि त्यांपैकी काही गंभीरपणे विचारात घेण्याजोगे आहेत. परंतु २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रांतून जी गोष्ट बाहेर आली ती आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे: कित्येक दशके त्यांना अंतःकरणात ईश्वराचा स्पर्श असा जाणवलाच नव्हता, आत केवळ काळोख होता. भाविकांना या पत्रांनी धक्का बसला, टीकाकारांना आयते कोलीत मिळाले. मला मात्र त्यांतून आशेचे स्वरूप प्रथमच नीट समजले. आशा ही मनाची उल्हसित अवस्था असती तर ती बाई पहिल्या दोन-तीन वर्षांतच घरी परतली असती. आशा ही रोज सकाळी उठून घेतलेली भूमिका आहे, म्हणूनच मनात उजेड नसतानाही ती टिकते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो यावयासच हवा. अशी आशा म्हणजे गरिबाला मुकाट सोसायला लावणारी गुंगी नव्हे काय? दुष्काळ पडतो तो धोरणांमुळे, दंगल होते ती राजकारणामुळे. एकेका अनाथाला जवळ घेऊन सरकारला मोकळे सोडण्याचाच हा प्रकार नव्हे काय? शिवाय मिशनऱ्यांच्या लेखनात हिंदू धर्माविषयी जो तुच्छतेचा सूर होता आणि साम्राज्याशी त्यांचे जे साटेलोटे अनेकदा होते, ते विसरावे काय? विसरू नये. ज्या धर्माची कथा कैसराच्या फर्मानाने पोळलेल्या कुटुंबापासून सुरू होते, त्याच्या प्रचारकांनी कैसराच्या दरबारी खुर्ची मिळविली की त्यांची कथाच त्यांच्याविरुद्ध साक्ष देऊ लागते. रमाबाईंनी ही विसंगती ओळखली आणि आपल्या इंग्लंडातील ख्रिस्ती मार्गदर्शकांना बजावले की एका सत्तेच्या जाचातून सुटल्यावर दुसऱ्या सत्तेपुढे मी मान तुकवणार नाही. राहिला गुंगीचा मुद्दा. हेरोदाची कत्तल कथेतून गाळून नाताळ साजरा केला तर तो गुंगी खासच ठरेल; पण ती कत्तल जागच्या जागी ठेवून जो हा सण पाळतो त्याला सत्तेच्या अपराधाचे विस्मरण होणे शक्य नाही. दोष कोणाचा हे सांगणे आणि ज्याला त्याची झळ लागली त्याला आजच्या आज दार उघडणे, ही दोन्ही कर्तव्ये एकाच माणसाने एकाच वेळी करावयाची असतात. पहिल्याचे निमित्त करून दुसरे टाळणारे आपल्याकडे कमी नाहीत.

मी ख्रिस्ती नाही. ईश्वर मनुष्यदेहाने बेथलेहेमात जन्मला, हा त्या धर्माचा गाभा मी श्रद्धेने स्वीकारलेला नाही, आणि नुसत्या कौतुकाला श्रद्धेचे नाव देण्याचा अप्रामाणिकपणाही मला करावयाचा नाही. तरीही या कथेचे एक ऋण मी मान्य करतो. आपण सारे चांगल्या दिवसांच्या अटीवर चांगले वागण्याचे करार करीत असतो: शांतता झाली की शेजाऱ्याशी समेट करू, हातात पैसा खेळू लागला की कोणा गरजूचे शिक्षण अंगावर घेऊ, वातावरण निवळले की अन्यायाविरुद्ध चार शब्द बोलू. ते दिवस येत नाहीत आणि ही सत्कर्मे दप्तरी दाखल होऊन तेथेच धूळ खात पडतात. नाताळाचा ख्रिस्ती अर्थ या टाळाटाळीला रजा देत नाही. कारण त्याच्या मते ईश्वरानेही अनुकूल मुहूर्ताची वाट पाहिली नाही, ऐन जुलमाच्या वर्षी, ऐन थंडीत, दुसऱ्याच्या गोठ्यात त्याने आरंभ केला. तेव्हा यंदाच्या डिसेंबरात काळ कठीण आहे अशी तक्रार करणाऱ्या प्रत्येकाने, तो कोणत्याही धर्माचा असो, काळ बरा आल्यावर करू म्हणून बाजूस ठेवलेले एक तरी काम उचलावे आणि काळाची परवानगी न विचारता ते सुरू करावे.